अंडं खाल्लं की कोलेस्टेरॉल वाढतं का?

राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जी लेकरं अंडं खात नाहीत त्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. तेव्हापासून अंड्याचा विषय मराठवाड्यात पारावर, शिक्षकांच्या खोलीत, बचत गटाच्या बैठकीत अधूनमधून निघतोच. आणि बोलता बोलता एक गोंधळ हमखास पुढं येतो. लेकराला शाळेत अंडं मिळालं पाहिजे म्हणून तळमळणारी आई घरात सासऱ्यांच्या ताटातलं अंडं काढून घेते, कारण त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल २२० आलेलं असतं. एकाला ताकद देणारी वस्तू दुसऱ्याच्या हृदयावर कशी उठते, हे तिला कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

आधी थोडक्यात सांगतो. धडधाकट माणसानं दिवसाला एक अंडं खाल्लं तर हृदयविकाराचा धोका वाढतो, असा भक्कम पुरावा आज नाही. काही माणसांनी मात्र जपून राहावं, ती कोण ते पुढं येईल. आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळीच: अंडं सोडल्याच्या समाधानात आपली हृदयं खरोखर बिघडवणाऱ्या गोष्टी घरात तशाच चालू राहतात.

कोलेस्टेरॉल म्हणजे नेमकं काय

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. प्रत्येक पेशीच्या भिंतीत तो असतो. अन्नातली चरबी पचवणारं पित्त, शरीरातली कितीतरी संप्रेरकं आणि ड जीवनसत्त्व तयार व्हायला तो लागतो. तो इतका गरजेचा आहे की शरीर त्यासाठी ताटावर अवलंबून राहत नाही. दिवसाला सुमारे एक ग्रॅम कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या माळकरी माणसाचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं, त्याचं कारण हे.

आता अंडं. पन्नास ग्रॅमच्या एका अंड्यात साधारण १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि ते सगळं पिवळ्या बलकात. रोजच्या खाण्यातल्या फार थोड्या पदार्थांत इतकं कोलेस्टेरॉल सापडेल, म्हणून भीती अगदीच हवेतून आलेली नाही. पण ताटातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल यांच्यामध्ये यकृत बसलेलं आहे. सगळा खेळ तिथं होतो.

यकृत हिशोब कसा ठेवतं

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून न्यायला त्याला गाडी लागते. या गाड्यांचे दोन मुख्य प्रकार रिपोर्टात दिसतात: एलडीएल आणि एचडीएल. उन्हाळ्यात टँकरवर जगणारा आपला एखादा तालुका डोळ्यांसमोर आणा. यकृत हे टँकर भरायचं ठिकाण. एलडीएल म्हणजे भरून वस्त्या-तांड्यांकडं निघालेले टँकर. पेशींवर ते रिकामे करून घेणाऱ्या टाक्या असतात. अशा सगळ्यात जास्त टाक्या यकृतावरच असतात, म्हणजे फिरून आलेले बहुतेक टँकर शेवटी तिथंच रिकामे होतात. एचडीएल ही वाटेत सांडलेलं, उरलेलं गोळा करून परत आणणारी गाडी.

या टाक्यांचा शोध अमेरिकेतल्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी लावला. त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

गावच्या विहिरीला पाणी आलं की तहसीलमधून टँकरच्या खेपा कमी होतात. यकृतही असंच वागतं. आतड्यातून कोलेस्टेरॉल आलं की ते स्वतःचं उत्पादन कमी करतं. शिवाय खाल्लेलं सगळं कोलेस्टेरॉल आत जातच नाही. सरासरी निम्मंच शोषलं जातं, बाकीचं शौचावाटे बाहेर पडतं. त्यामुळं अंड्यातले १८६ मिलिग्रॅम म्हणजे रक्तात तेवढी भर, हा हिशोबच चुकीचा आहे.

मग भर पडते तरी किती? नियंत्रित प्रयोगांचा एकत्र हिशोब २००१ मध्ये मांडला गेला. आहारातलं कोलेस्टेरॉल दिवसाला १०० मिलिग्रॅमनं वाढवलं की रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी २.२ एककांनी (रिपोर्टातले मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वाढतं, असं त्यातून निघालं. रोज एक अंडं वाढवलं तर ही वाढ चारेक एककांची. वर उल्लेख आलेल्या सासऱ्यांचं अंडं बंद केलं तर त्यांचा आकडा २२० वरून २१६ वर येईल. एवढ्यासाठी त्यांच्या ताटातली जवळपास सहा ग्रॅम चांगली प्रथिनं गेली.

सरासरीचा आकडा प्रत्येकाला लागू होत नाही, हेही खरं. साधारण चौथा ते तिसरा हिस्सा माणसांत यकृताचा हा आवर ढिला असतो. त्यांचं कोलेस्टेरॉल अंड्यांनी जास्त वाढतं. आपण त्यांतले आहोत का, हे चेहऱ्यावरून कळत नाही, तपासणीतूनच कळतं.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात १९९१ मध्ये एका ८८ वर्षांच्या गृहस्थांची नोंद छापून आली होती. ते रोज पंचवीस अंडी खात, आणि तरी त्यांचं कोलेस्टेरॉल बेताचंच होतं. त्यांचं शरीर फार थोडं शोषत होतं आणि जादाचं पित्तात रूपांतरित करून टाकत होतं. कुणी याचं अनुकरण करू नये. शरीर आतून किती सांभाळून घेऊ शकतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

मग खरा दोष कुणाचा

रक्तात एलडीएलचे टँकर जास्त झाले आणि वर्षानुवर्षं जास्तच राहिले, की ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात शिरतात. तिथं सूज येते, थर जमतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. हा हृदयविकाराचा झटका. वाढलेलं एलडीएल हृदयाला घातक आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. अंड्याची बाजू घेण्याच्या भरात काही लोक मोबाईलवर ‘कोलेस्टेरॉल हा सगळा औषध कंपन्यांचा बनाव’ असं फिरवतात. ते साफ खोटं आहे आणि त्यापायी लोक चालू गोळ्या बंद करतात. तसं करू नका.

एलडीएल वाढवणारा आहारातला मोठा घटक म्हणजे संपृक्त मेद. सोप्या शब्दांत, थंडीत गोठणारी घट्ट चरबी: तूप, लोणी, साय, मटणाची चरबी, नारळाचं तेल आणि काही अंशी पामतेल. ही चरबी जास्त झाली की यकृतावरच्या टाक्या कमी होतात. टँकर रिकामे व्हायला जागा मिळत नाही आणि ते रक्तात फिरत राहतात. एका अंड्यात अशी चरबी दीड ग्रॅमच्या आसपास असते. एका मोठ्या चमच्या तुपात ती आठ ग्रॅमच्या पुढं जाते. पुरणाच्या पोळीवर एरवीपेक्षा सढळ हातानं तूप वाढलं जातं तो दिवस वर्षातून थोडाच येतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी रोजच्या खाण्याचं बोलतोय.

ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानं हीच गोष्ट थेट तपासली. तीच माणसं पाच-पाच आठवडे तीन वेगवेगळ्या आहारांवर ठेवली. रोज दोन अंडी पण घट्ट चरबी कमी, या आहारावर त्यांचं एलडीएल तेवढंच कोलेस्टेरॉल पण जास्त घट्ट चरबी असलेल्या आहारापेक्षा खाली आलं. तिन्ही आहारांची तुलना केल्यावर एलडीएलचा संबंध घट्ट चरबीशी लागला, आहारातल्या कोलेस्टेरॉलशी लागला नाही.

आणि डालडा? वनस्पती तुपात कोलेस्टेरॉल शून्य असतं. वनस्पतीपासून आलेल्या कुठल्याच तेलात ते नसतं म्हणायला हरकत नाही, त्यामुळं तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असं छापणं म्हणजे पाणी धूरमुक्त आहे असं सांगणं. पण तेल कृत्रिमपणे घट्ट करताना तयार होणारी ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि वर एचडीएल घटवते. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जानेवारी २०२२ पासून तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली.

अंड्यावर आळ आला कुठून

१९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. शोध मोठा होता, कोलेस्टेरॉल आणि रक्तवाहिन्यांचा संबंध त्यातूनच उजेडात आला. पण ससा हा पाल्यावर जगणारा प्राणी, त्याच्या शरीराला कोलेस्टेरॉल हाताळायची सवयच नाही. कुत्र्यांवर आणि उंदरांवर असाच प्रयोग केला तेव्हा तसं सहजी घडलं नाही.

पुढं अमेरिकेत हृदयविकार झपाट्यानं वाढला आणि १९६८ मध्ये तिथल्या अमेरिकन हार्ट असोसिएशननं सल्ला दिला: दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल, आठवड्याला तीनच बलक. तो सल्ला जगभर पाठ झाला, आपल्याकडच्या दवाखान्यांतही. अमेरिकेच्या सरकारी आहार मार्गदर्शिकेतून ३०० ची ही मर्यादा थेट २०१५ च्या आवृत्तीत गेली. हार्ट असोसिएशनचे तज्ज्ञही आता धडधाकट माणसाला रोज एक अंडं चालेल म्हणतात. पन्नास वर्षांत मनात मुरलेली भीती मात्र एका कागदानं जात नाही.

अभ्यास एकमेकांच्या उलट का बोलतात

‘कधी म्हणतात खा, कधी म्हणतात नको, यांचंच ठरत नाही’ ही तक्रार मला पटते. २०१८ मध्ये चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांचा अभ्यास आला. रोज अंडं खाणाऱ्यांत हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार न खाणाऱ्यांपेक्षा अकरा टक्क्यांनी कमी होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या २९ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला, त्यात रोज अर्धं अंडं वाढलं की धोका सहा टक्क्यांनी वाढलेला दिसला. २०२० मध्ये पन्नास देशांतल्या पावणेदोन लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. भारतातली माणसंही त्यात होती. त्यात अंडी आणि हृदयविकार यांचा ठळक संबंध सापडला नाही.

या तिन्ही अभ्यासांत कुणाला अंडी खायला लावली नव्हती. लोक आपणहून काय खातात ते विचारलं आणि पुढं कोण आजारी पडतं ते पाहिलं. अशा पाहणीत अंड्याबरोबर माणसाचं अख्खं आयुष्य येतं. अमेरिकेत अंड्याच्या शेजारी डुकराचं खारवलेलं मांस, लोणी आणि मैद्याचा पाव असतो. चीनमध्ये रोज अंडं खाणारे लोक जास्त शिकलेले आणि बऱ्या परिस्थितीतले होते. संशोधक गणितानं हे फरक वजा करतात, पण पूर्ण वजाबाकी कधीच होत नाही. सहा टक्के वर किंवा अकरा टक्के खाली असे लहान फरक असले की त्यावरून कुणाला फाशी देऊ नये, असं माझं मत आहे. तंबाखूच्या बाबतीत असे उलटसुलट निकाल येत नाहीत, कारण तिथं परिणामच मोठा आहे.

‘हे अभ्यास अंडी विकणारेच करवून घेतात’

हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगाला अंडी-उद्योगाशी जोडलेल्या संस्थेचा पैसा होता. असा निकाल वाचताना हात आखडता ठेवावा. पण अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरचा २०२० चा मोठा अभ्यास तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या पैशावर झाला. दिवसाला एक अंड्यापर्यंत धोका वाढत नाही, हेच त्यातूनही निघालं. वेगवेगळ्या खिशांतून झालेलं काम एकाच दिशेला येतं, तेव्हा मी ते मानतो.

आपल्या ताटात काय चाललंय

आता आपल्याकडं वळतो, कारण अमेरिकेचा दोष आपल्या ताटाला लावून उपयोग नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. तिच्यातले रक्ताच्या चरबीचे आकडे २०१४ मध्ये आले. एलडीएल वाढलेलं होतं सुमारे बारा टक्के लोकांचं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली साठवणीची चरबी, वाढलेली होती जवळपास तीस टक्क्यांची. आणि एचडीएल, ती परत आणणारी गाडी, कमी होती ७२ टक्क्यांची!

हे आकडे पुन्हा वाचा. आपली सगळ्यात पसरलेली दुखणी अंड्याच्या वाटेनं येत नाहीत. ट्रायग्लिसराइड वाढतं ते जादा साखर, मैदा, भाताचे ढीग, दारू आणि पोटाच्या घेरामुळं. एचडीएल खाली येतं ते बसून राहण्यानं, तंबाखूनं, मधुमेहानं. दिवसातून पाच-सहा वेळा दोन चमचे साखरेचा चहा, सोबत खारी नाहीतर टोस्ट. बसस्टँडवर त्याच त्याच तेलात तळलेली भजी. शेतात बैलामागं चालणारा माणूस ट्रॅक्टर आल्यावर बांधावर बसतो, पण त्याचं ताट अजून नांगरामागच्या माणसाचंच असतं. यातलं काही सोडायचं म्हटलं की घरात चलबिचल होते. अंडं सोडणं त्या मानानं सोपं, म्हणून पहिला नंबर त्याचा लागतो.

तंबाखूबद्दल वेगळं बोललंच पाहिजे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो असं दिसलं, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. त्याच अभ्यासाच्या माहितीतून नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. ‘मी बिडी ओढत नाही, फक्त चुना लावून चिमूटभर घेतो’ म्हणणाऱ्या माणसानं अंडं सोडून काही मिळवलेलं नसतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

याच ताटात चांगलंही भरपूर आहे. ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी हे हृदयाच्या बाजूचं जेवण. करडई तर आपल्या रानातलं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण काढले. करडईचं तेल एलडीएल खाली आणणाऱ्या चरबीनं भरलेलं असतं. स्वस्त पामतेलानं आणि सोयाबीनच्या लाटेनं ते घरातून गेलं. मिळत असेल तर बेतानं वापरा, अंड्याची भुर्जीसुद्धा त्यातच करा. तेलाची तर्री तरंगणारी अंडाकरी आणि उकडलेलं अंडं यांत अंडं एकच असलं तरी हृदयाच्या हिशोबानं ती दोन वेगळी जेवणं आहेत.

‘मग पांढरंच खातो, पिवळं टाकून देतो’

एलडीएल फार जास्त असेल तर हा मार्ग बरा. बाकीच्यांनी बलक टाकू नये. अंड्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं बलकात असतात. अ आणि ड जीवनसत्त्वं, मेंदूला लागणारं कोलिन, डोळ्यांना उपयोगी पिवळी रंगद्रव्यं, सगळी त्यातच. वाढत्या लेकराला, गरोदर बाईला बलक काढून अंडं देणं मला वाया घालवल्यासारखं वाटतं.

गावरान अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असतं, हाही समज आहे. ग्रॅमला ग्रॅम लावून पाहिलं तर मोठा फरक नसतो. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा तिच्या खाण्यावर. चव आवडते तर जरूर घ्या.

कुणी जपावं

मधुमेही माणसांच्या बाबतीत चित्र अजून पूर्ण साफ नाही. अमेरिकेतल्या काही पाहण्यांत जास्त अंडी खाणाऱ्या मधुमेहींत हृदयविकार जास्त दिसला. आठवड्याला बारा अंडी देऊन केलेल्या ऑस्ट्रेलियातल्या तीन महिन्यांच्या प्रयोगात त्यांचं एलडीएल वाढलं नाही. पण तीन महिने हा थोडा काळ आहे. मधुमेह असेल तर आठवड्याला तीन-चार अंडी, कमी तेलात, आणि बाकी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, एवढ्यावर मी थांबेन.

ज्यांना झटका येऊन गेलाय, अँजिओप्लास्टी झालीय, त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. त्यांचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत आहे. ते ताटातून साधत नाही, गोळी लागतेच. तिसरा गट लोकांच्या लक्षातच येत नाही. एलडीएल १९० च्या वर आणि घरात कुणाला चाळिशी-पंचेचाळिशीत झटका, असं असेल तर दोष आनुवंशिक असू शकतो. टाक्याच जन्मतः कमी असतात. अंदाजे अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हे असतं. अशा घरात भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.

बाकीच्यांसाठी दिवसाला एक अंडं चालतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं वर्षाला १८० अंडी, म्हणजे दिवसाआड एक. २०२३-२४ मध्ये देशात माणशी १०३ अंडीच उपलब्ध होती. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या, दुष्काळात डाळही महाग वाटणाऱ्या घरातल्या लेकरांना तर त्याहून कमी मिळत असणार, आणि अंडं हे त्यांच्या आवाक्यातलं सगळ्यात चांगलं प्रथिन आहे. जे धर्मानं किंवा मनानं अंडं खात नाहीत त्यांनी हृदयासाठी ते सुरू करायची काहीच गरज नाही, डाळ-भाकरी-शेंगदाणे-दही यांवर हृदय उत्तम चालतं.

आपण ढिल्या यकृतवाले तर नाही, अशी शंका असेल तर तपासणी करून पाहा. आज लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्या, एकूण कोलेस्टेरॉलऐवजी एलडीएलचा आकडा लिहून ठेवा. बाकीचं खाणं, तेल आणि गोळ्या तशाच ठेवून दीड-दोन महिने रोज एक अंडं खा आणि पुन्हा त्याच लॅबमध्ये तपासा. पाच-दहाचा फरक इकडे-तिकडे होतच असतो. वीस-तीसनं वर गेलं तर अंडी कमी करा, आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जा.